जिवाणूला नत्राची भूक कशी कळते? जनुकांचे जाळे, संगणकाचे गणित आणि आपला ऊस



करकंब (ता. पंढरपूर) भागात ऊस उत्पादकांच्या एका बैठकीला जाण्याचा योग आला होता. सुरू उसाची लागण होऊन दोन-अडीच महिने झाले होते. बेणेप्रक्रियेचा विषय निघताच मागच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तुमी सांगितलं म्हणून बेणं जिवाणूच्या पाण्यात बुडवून लावलं. शेजारच्या चार सऱ्यांना नाही लावलं. दोन्हीत काडीचा फरक नाही. पुड्यात नुसती मातीच भरून विकत्यात का काय?"

मी विचारले, "काका, लागणीला खत काय टाकलं होतं?"

"एकरी तीन पोती युरिया, सरीतच. पीक जोमानं यावं म्हणून."

बैठकीत थोडा हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चूक त्या काकांची नव्हती. "दहा किलो ॲसिटोबॅक्टर, शंभर लिटर पाणी, तीस मिनिटे" एवढे आम्ही सांगतो. ते जिवाणू काम कशावर करतात आणि कशामुळे थांबतात, हे सांगायचे राहून जाते. कारण न समजता पाळलेली शिफारस पहिल्याच अपयशाला सोडून दिली जाते. म्हणून या लेखात जिवाणूच्या आतला कारभार समजावून घेऊ. हा कारभार अलीकडे संगणकावर मांडून अभ्यासला जातो. तसाच एक छोटा नमुना तुम्हाला वहीच्या पानावर स्वतः करता येईल.

१. जनुके आणि कळा

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. डोळ्यांना न दिसणाऱ्या या पेशीत हजारो जनुके असतात. एक जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे तयार करायचे याची लिहून ठेवलेली कृती. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत अशी सुमारे ४,३०० जनुके आहेत. उसात राहून नत्र स्थिर करणाऱ्या ॲसिटोबॅक्टरची संपूर्ण जनुकीय लिपी ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. ती सुमारे ३९ लाख अक्षरांची आहे.

ही सगळी जनुके एकाच वेळी चालू नसतात. घरात सर्व भांडी असली तरी रोज सगळी चुलीवर चढत नाहीत, तसेच हे आहे. जे लागेल तेवढेच जनुक चालू राहते, बाकीची बंद. एखादे जनुक चालू किंवा बंद करणे हे कामही प्रथिनेच करतात, आणि ती प्रथिने पुन्हा दुसऱ्या जनुकांपासून तयार होतात. म्हणजे एका जनुकाची कळ दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याची तिसऱ्याच्या हातात, आणि कधी कधी तिसऱ्याची पुन्हा पहिल्याच्या हातात. यालाच जनुकांचे नियंत्रण-जाळे म्हणतात.

ही कळेची कल्पना फ्रान्समधील जाकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडली. दुधातली साखर मिळाली तरच ई. कोलाय ती पचवणारी प्रथिने बनवतो, एरवी बनवत नाही, हे त्यांनी उलगडून दाखवले. या कामासाठी ल्वॉफ यांच्यासह त्यांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२. हवेतला नत्र महाग का पडतो?

हवेत जवळजवळ ७८ टक्के नत्रवायू आहे. पिकाला मात्र तो तसाच घेता येत नाही. काही जिवाणूंजवळ नायट्रोजिनेज नावाचे विकर असते. ते नत्रवायूचा अमोनिया बनवते. परंतु हे काम फार खर्चिक आहे. नत्रवायूचा एक रेणू फोडण्यासाठी जिवाणूला ऊर्जेची किमान १६ नाणी, म्हणजे एटीपीचे १६ रेणू, मोजावे लागतात. शिवाय हे विकर बनवायला बरीच प्रथिने, लोह आणि मॉलिब्डेनम लागते, आणि प्राणवायूचा संपर्क आला की ते निकामी होते.

आता जिवाणूच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दारात कोणी आयता दाणागोटा आणून टाकत असेल, तर विहीर खोदून, मोट हाणून पीक कोण काढील? युरियापासून जमिनीत अमोनिया तयार होतो. तो आयता मिळत असताना जिवाणूने सोळा नाणी खर्चून हवेतला नत्र घेणे म्हणजे तोट्याचा धंदा. असा तोट्यातला धंदा करणारे जिवाणू निसर्गात टिकलेच नसते. म्हणून नत्र स्थिरीकरणाच्या जनुकांवर कडक पहारा आहे.

३. पहाऱ्याची साखळी

ही साखळी क्लेब्सिएला या जिवाणूत सर्वांत बारकाईने अभ्यासली गेली आहे. त्यात नत्र स्थिरीकरणाशी संबंधित २० जनुके एकाशेजारी एक अशी ओळीने आहेत. त्यांना निफ जनुके म्हणतात. साखळी समजायला साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ, कारण ऊसतोडीचा कारभार आपल्या भागात लहान पोरालाही माहीत आहे.

कारखान्याला उसाची गरज असली की शेतकी खाते तोडीची चिठ्ठी काढते. चिठ्ठी मिळाली की मुकादम हलतो. मुकादम टोळी लावतो. टोळी ऊस तोडते आणि गाड्या कारखान्यावर जातात. आवारात गाड्या तुंबल्या की चिठ्ठ्या बंद होतात. मग मुकादम बसतो, टोळीही बसते.

जिवाणूत असेच चालते. पेशीत नत्राची टंचाई झाली की एनटीआर-सी नावाचे प्रथिन जागे होते. ही आपली चिठ्ठी. चिठ्ठीमुळे निफ-ए हे प्रथिन तयार होते. हा मुकादम. मुकादम उरलेली निफ जनुके चालू करतो व नायट्रोजिनेज तयार होते. ही टोळी. टोळी अमोनिया आणते. अमोनिया साठला की चिठ्ठी बंद.

याशिवाय निफ-एल नावाचे आणखी एक प्रथिन मुकादमाच्या मानगुटीवर बसलेले असते. आयता नत्र आला किंवा प्राणवायू वाढला, की ते मुकादमाला जागेवरच दाबून धरते. म्हणजे चिठ्ठी निघालेली असली तरी टोळी लागत नाही. एकाच कामावर असा दुहेरी पहारा आहे.

४. वहीच्या पानावरचा नमुना

आता हाच कारभार आकड्यांत मांडू. "चालू" म्हणजे १ आणि "बंद" म्हणजे ०. नत्राच्या बाबतीत "पुरेसा" म्हणजे १ आणि "टंचाई" म्हणजे ०. प्राणवायू कमी आहे असे धरून चालू. नियम फक्त चार:

(अ) मागच्या टप्प्यात नत्र ० असेल तर आता चिठ्ठी १, नाहीतर ०.
(आ) मागच्या टप्प्यात चिठ्ठी १ असेल तर आता मुकादम १, नाहीतर ०.
(इ) मागच्या टप्प्यात मुकादम १ असेल तर आता टोळी १, नाहीतर ०.
(ई) मागच्या टप्प्यात टोळी १ असेल किंवा बाहेरून युरिया मिळत असेल तर आता नत्र १, नाहीतर ०.

सुरुवातीला सर्व ० धरा, युरिया नाही असे माना, आणि एकेक टप्पा लिहीत चला. तक्ता असा येईल.

टप्पा | नत्र | चिठ्ठी | मुकादम | टोळी
० | ० | ० | ० | ०
१ | ० | १ | ० | ०
२ | ० | १ | १ | ०
३ | ० | १ | १ | १
४ | १ | १ | १ | १
५ | १ | ० | १ | १
६ | १ | ० | ० | १
७ | १ | ० | ० | ०
८ | ० | ० | ० | ०

आठव्या टप्प्याला गाडी पुन्हा मूळ पदावर आली. म्हणजे जिवाणू काही काळ नत्र आणतो, पोट भरले की थांबतो, भूक लागली की पुन्हा सुरू करतो.

आता याच खेळात दोन बदल करून पाहा.

पहिला बदल : युरिया पहिल्यापासूनच भरपूर आहे. मग नत्र कायम १. चिठ्ठी कधीच निघत नाही. प्रत्येक ओळ "१, ०, ०, ०" अशीच येते. करकंबच्या त्या काकांच्या सरीत नेमके हेच झाले असावे. पुड्यात माती नसेलही. जिवाणू जिवंत असतील, पण त्यांना कामाची चिठ्ठीच मिळाली नसेल.

दुसरा बदल : युरिया नाही, आणि जिवाणूने आणलेला अमोनिया पीक लगेच उचलून नेते. मग नत्र कायम ०. तिसऱ्या टप्प्यापासून प्रत्येक ओळ "०, १, १, १" अशी येते. टोळी थांबतच नाही. आवारातल्या गाड्या लगेच रिकाम्या होत असतील तर चिठ्ठ्या कशाला बंद होतील? जिवाणू आणि पीक यांच्या भागीदारीचे मर्म याच ओळीत आहे.

तुम्ही आता जे केले, त्यालाच जनुकांच्या जाळ्याचा तार्किक नमुना म्हणतात. अमेरिकेत कॉफमन यांनी १९६९ मध्ये आणि बेल्जियमच्या रेने थॉमस यांनी १९७३ मध्ये जनुकांचा विचार असा "होय-नाही"च्या भाषेत मांडला. चार कळांच्या मिळून १६ अवस्था होतात. त्या वहीत मावतात. दहा कळांच्या १,०२४ अवस्था होतात आणि वीस कळांच्या दहा लाखांच्या वर जातात. खऱ्या जिवाणूत कळा शेकड्यांनी असतात. तेथे वही संपते आणि संगणक लागतो.

५. होय-नाहीच्या पुढे : हौदाचे गणित

खऱ्या पेशीत सगळेच ० किंवा १ नसते. थोडे, बरेच, खूप अशा पायऱ्या असतात. त्यासाठी दुसरे गणित वापरतात. ते हौदासारखे आहे.

समजा, एका हौदात दर तासाला १० घागरी पाणी पडते आणि जेवढे पाणी साठले असेल त्याचा पाचवा हिस्सा दर तासाला गळून जातो. रिकाम्या हौदापासून सुरुवात केली तर पहिल्या तासाअखेर १० घागरी, दुसऱ्या तासाअखेर ८ अधिक १० म्हणजे १८, तिसऱ्या तासाअखेर २४.४, चौथ्या तासाअखेर २९.५. पुढे वाढ मंदावत जाते आणि पाणी ५० घागरींजवळ स्थिरावते. कारण ५० चा पाचवा हिस्सा १०. जेवढे येते तेवढेच जाते.

पेशीतले प्रत्येक प्रथिन हा असा एक हौद आहे. जनुक चालू असले की भर पडते, आणि प्रथिन झिजते किंवा पेशी वाढून विरळ होते ही गळती. फरक एवढाच, की एका हौदातल्या पाण्याची पातळी दुसऱ्या हौदाच्या नळाची चावी फिरवते. असे दहा-वीस हौद एकमेकांना जोडले की पुढच्या तासाला काय होईल हे तोंडी सांगता येत नाही. संगणक मात्र तासाऐवजी सेकंदाचा बारीक टप्पा धरून हीच बेरीज-वजाबाकी लाखो वेळा करतो आणि पातळी कशी बदलत जाईल याचा आलेख काढतो.

अशा नमुन्याचा उपयोग काय? प्रयोगशाळेत एकेक जनुक बंद करून पाहायला महिने लागतात. संगणकावर ते आधी पाहता येते, आणि कोणता प्रयोग करण्यासारखा आहे हे ठरवता येते. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नमुना म्हणजे शेत नव्हे. त्यात घातलेले आकडे चुकीचे असले तर उत्तरही चुकीचे येते. नमुन्याचे उत्तर प्रयोगाने पडताळले तरच ते खरे.

६. पवईत झालेला अभ्यास

हे काम परदेशातच होते असे नाही. मुंबईत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक डॉ. के. व्ही. वेंकटेश आणि विवेक मुतालिक यांनी सहकाऱ्यांसह ई. कोलायच्या नत्र-व्यवस्थेचे गणित मांडले आणि २००३ मध्ये ते प्रसिद्ध केले.

ई. कोलाय हवेतला नत्र स्थिर करत नाही. परंतु नत्राची टंचाई ओळखण्याची जी यंत्रणा त्याच्याजवळ आहे, तिच्याच जातीची यंत्रणा क्लेब्सिएलासारख्या नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंतही आहे. म्हणून हा अभ्यास आपल्या कामाचा.

पेशीत आलेला अमोनिया ताब्यात घेणारे ग्लुटामिन सिंथेटेज नावाचे विकर आहे. नत्र भरपूर असला की या विकरावर एक खूण चिकटवली जाते व ते मंदावते. नत्र कमी झाला की खूण काढली जाते व ते जोमाने काम करते. खूण चिकटवणारे आणि काढणारे विकर एकच असते. त्याच्या वर नत्राची चाहूल घेणारे पी-टू नावाचे प्रथिन, आणि त्याच्यावरही तसाच दुहेरी काम करणारा एक अधिकारी. या उतरंडीचे गणित सोडवल्यावर असे दिसले की दुहेरी कामामुळे आणि प्रथिनांच्या परस्पर प्रभावामुळे ही यंत्रणा दोन गुण दाखवते. एक, पेशीतल्या लहानसहान चढउतारांनी ती डळमळत नाही. दोन, नत्राची पातळी ठरावीक मर्यादेजवळ आली की थोड्याशा फरकानेही तिचा प्रतिसाद एकदम बदलतो.

पंखा कमी-जास्त करायची चावी आणि दिव्याचे बटण यांतला फरक आठवा. चावी हळूहळू फिरते. बटण मात्र ठरावीक जोर लावेपर्यंत हलत नाही आणि मग खटकन पडते. जिवाणूची नत्राची यंत्रणा बटणाच्या बाजूला झुकलेली आहे. याच दोघांनी २००७ मध्ये ई. कोलायच्या ज्या जनुकगटातून ग्लुटामिन सिंथेटेज आणि आपली चिठ्ठी, म्हणजे एनटीआर-सी, तयार होते, त्याचेही गणित मांडले. हा गट "पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद" असे वर्तन दाखवू शकतो, असे त्यातून दिसले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा : अशी यंत्रणा असेल तर "युरियाही भरपूर टाकू, जिवाणूही लावू, दोन्हींचा थोडा-थोडा फायदा होईल" हा हिशोब बरोबर बसत नाही. बटण एकदा पडले की थोडा-थोडा असे काही उरत नाही.

७. उसातला ॲसिटोबॅक्टर

उसात राहून नत्र स्थिर करणारा हा जिवाणू ब्राझीलमध्ये कावाल्कांते आणि योहाना डोबेराइनर यांनी १९८८ मध्ये वर्णिला. शास्त्रीय वर्गीकरणात त्याचे नाव आता ग्लुकॉनॲसिटोबॅक्टर असे झाले आहे, पुड्यावर मात्र ॲसिटोबॅक्टर हेच नाव चालते. तो उसाच्या मुळांत, कांड्यांत आणि पानांतही राहतो व साखरेच्या तीव्र द्रावणातही वाढतो.

या जिवाणूची कळ काही बाबतींत वेगळी आहे. अमोनिया असला तरी त्याचे काम पूर्ण बंद न पडता काही अंशी चालू राहते. तेव्हा ई. कोलायचे गणित जसेच्या तसे त्याला लावता येणार नाही. परंतु दुसरी एक अडचण आहे. नत्र खताची मात्रा जास्त दिलेल्या उसात या जिवाणूचे वास्तव्यच रोडावते, असे मेक्सिकोतील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. म्हणजे टोळी बसून राहिली नाही तरी टोळीतली माणसेच कमी होतात. कारण निराळे, परिणाम तोच.

याची साक्ष रब्बीत स्वतः घेता येते. हरभरा पेरल्यावर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी एक झाड मुळासकट हळुवार उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर गाठ काम करते आहे. हा गुलाबी पदार्थ प्राणवायूला आवर घालतो, म्हणजे नायट्रोजिनेज सुरक्षित राहते. रायझोबियममध्ये निफ जनुकांची कळ मुख्यतः प्राणवायू कमी झाल्यावर दाबली जाते. आता ज्या कोपऱ्यात युरियाचे पोते सांडले होते तेथले झाड उपटून पाहा. गाठी कमी व लहान आढळतील. झाड आणि जिवाणू दोघांनीही हात आखडता घेतलेला असतो.

८. पाणी साचले की दुसरीच कळ पडते

उजनीच्या कालव्याची पाळी आली की आपण सरी तुडुंब भरतो. भारी काळ्या जमिनीत पाणी दोन-दोन दिवस उभे राहते. अशा वेळी मातीतला प्राणवायू संपतो आणि काही वेगळ्या जिवाणूंत दुसरीच कळ पडते. प्राणवायूच्या जागी ते नायट्रेट वापरून श्वसन करू लागतात. नायट्रेटचा वायू होऊन हवेत जातो. म्हणजे तुम्ही दिलेला युरिया जमिनीतल्या जिवाणूंनीच उधळून लावला.

एकीकडे जास्त युरियाने कमावणारे जिवाणू बसवायचे आणि दुसरीकडे जास्त पाण्याने उधळणारे जिवाणू उठवायचे, असा हा दुहेरी तोटा आहे. म्हणून खताची आणि पाण्याची शिस्त वेगवेगळी धरता येत नाही.

९. शेतात काय करावे?

महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश द्यावयाचे असते. को ८६०३२ या जातीसाठी मात्रा २५ टक्के वाढवून धरतात. नत्राचे चार हप्ते करावेत : लागणीच्या वेळी १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीच्या वेळी ४० टक्के.

हेक्टरी २५० किलो म्हणजे एकरी १०० किलो नत्र. लागणीच्या वेळी त्यातले फक्त १० किलो, म्हणजे सुमारे २२ किलो युरिया. पंचेचाळीस किलोचे अर्धे पोते. काकांनी टाकला तीन पोती, म्हणजे ६२ किलो नत्र. शिफारशीच्या सहापट. त्या वेळी उसाला मुळ्याही धड फुटलेल्या नसतात. तो नत्र पिकाने उचलला नाही, पाण्याबरोबर गेला आणि जाता जाता जिवाणूंची कळ बंद करून गेला.

बेणेप्रक्रिया पुढीलप्रमाणे करावी.

(अ) बुरशीनाशक व कीटकनाशकाची प्रक्रिया करावयाची असल्यास ती आधी करावी. बेणे सावलीत सुकू द्यावे. त्यानंतरच जिवाणूंची प्रक्रिया करावी. दोन्ही द्रावणे एकत्र करू नयेत.

(आ) १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू मिसळून त्यात टिपऱ्या ३० मिनिटे बुडवाव्यात. हे प्रमाण एक हेक्टरच्या बेण्याचे आहे.

(इ) प्रक्रिया केलेले बेणे उन्हात ढीग करून ठेवू नये. त्याच दिवशी लावावे.

(ई) पुड्यावरील अंतिम मुदत पाहूनच संवर्धन घ्यावे. ते मोटारसायकलच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत किंवा खताच्या पोत्यांवर ठेवू नये. सोलापूरच्या उन्हात जिवाणू शेतात जाण्याआधीच मरतात.

(उ) ही प्रक्रिया केल्यास नत्रात ५० टक्के व स्फुरदात २५ टक्के बचत करावी, अशी शिफारस आहे. बचत हा शिफारशीचाच भाग आहे. प्रक्रिया करून पूर्ण मात्रा टाकणे म्हणजे अर्धीच शिफारस पाळणे. निम्म्या मात्रेचा हिशोब एकरी ५० किलो नत्राचा येतो, म्हणजे चार हप्त्यांत सुमारे ११, ४३, ११ आणि ४३ किलो युरिया. त्या काकांनी वर्षभराचा हा युरिया, आणि त्यावर आणखी अर्धे पोते, एकाच दिवशी टाकला होता.

(ऊ) पाचट जाळू नये व सेंद्रिय खत द्यावे. जिवाणूंना ऊर्जेची सोळा नाणी कोठून तरी मिळायला हवीत. सेंद्रिय कर्बाशिवाय ती मिळत नाहीत.

१०. चार पट्ट्यांची चाचणी

"मग अर्धा युरिया कमी करून ऊस पिवळा पडला तर?" ही शंका रास्त आहे. आमच्या शब्दावर सगळे रान पणाला लावू नये. आधी माती परीक्षण करावे. मग एकाच रानात, एकाच जातीचे, एकाच दिवशी लावलेले चार पट्टे पाडावेत. प्रत्येक पट्टा दोन ते पाच गुंठ्यांचा असावा.

पट्टा १ : पूर्ण नत्र, जिवाणू नाही.
पट्टा २ : पूर्ण नत्र, जिवाणू आहे.
पट्टा ३ : निम्मा नत्र, जिवाणू आहे.
पट्टा ४ : निम्मा नत्र, जिवाणू नाही.

बहुतेक शेतकरी पहिला आणि दुसरा पट्टाच करतात, आणि फरक दिसला नाही की पुडा वाईट ठरवतात. आपल्या तक्त्याप्रमाणे त्या दोहोंत फारसा फरक दिसायलाच नको. खरी कसोटी तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्यात आहे. तिसरा पट्टा चौथ्यापेक्षा चांगला निघाला तर जिवाणूने काम केले. तिसरा पहिल्याच्या बरोबरीला आला तर निम्म्या युरियाची बचत पक्की. तिसरा आणि चौथा सारखेच राहिले तर संवर्धन मेलेले होते किंवा जमिनीत दुसरी काही अडचण आहे, आणि मग आम्हाला जाब विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चौथ्या पट्ट्याचे थोडे नुकसान झाले तर त्याला शाळेची फी समजावी.

तोडणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातला मधला एक गुंठा वेगळा तोडून वजन करावा. त्याला चाळीसने गुणले की एकरी उतारा मिळतो. कडेच्या सऱ्या वजनात धरू नयेत.

थोडक्यात

१. नत्र स्थिरीकरण जिवाणूला महाग पडते. आयता नत्र मिळाला की तो ते टाळतो.
२. जनुके कळांच्या जाळ्याने बांधलेली असतात. हे जाळे कागदावर किंवा संगणकावर मांडून त्याचे वर्तन पाहता येते.
३. नत्राची ही कळ अनेक जिवाणूंत दिव्याच्या बटणासारखी खटकन पडते.
४. लागणीच्या वेळी शिफारशीपेक्षा जास्त युरिया टाकू नये. जिवाणू लावल्यास नत्रात बचत करावी.
५. सरीत पाणी उभे राहू देऊ नये.
६. चार पट्ट्यांची चाचणी घेऊन निष्कर्ष स्वतः काढावा.

बैठक संपल्यावर ते काका वहीत चार रकाने आखून बसले होते. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "म्हंजे चिठ्ठी मीच अडवली म्हणायची." पुढच्या लागणीला त्यांनी दोन-दोन गुंठ्यांचे चार पट्टे पाडायचे कबूल केले आहे. तुम्हीही आपल्या रानात अशी चाचणी घ्यावी आणि मिळालेले आकडे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना अवश्य कळवावेत. संगणकाच्या नमुन्यालाही शेवटी शेतातल्याच आकड्यांची गरज असते.